मिलिसेकंदभर जगणाऱ्या केंद्रकाचा क्वाड्रुपोल मोमेंट मोजतात कसा, आणि सोलापुरात त्यातलं काय जमेल?

हुरडा_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय अल्पायुषी केंद्रकांचे विद्युत क्वाड्रुपोल मोमेंट, म्हणजे क्यू: केंद्रकातल्या भाराचा आकार गोलापासून किती हटलाय त्याचं माप. केंद्रक गोल नसेल तर क्यू शून्य नसतो, लांबट असेल तर धन, चपटं असेल तर ऋण, एकक बार्न, इथवर ठीक आहे. गाडी पुढे अडलीय.

१. लिथियम-११ चं अर्धायुष्य नऊ मिलिसेकंदांच्याही आत. त्याचा नमुना करून स्पेक्ट्रोमीटरमध्ये ठेवणं शक्यच नाही. तरी क्यू = −३३.३ मिलिबार्न, त्रुटी फक्त ०.५, असं छापलेलं आहे. हा आकडा येतो कुठून?

२. एकाच पातळीचा क्यू वेगवेगळ्या तक्त्यांत वेगळा का? कॅडमियम-१११ च्या २४५ केईव्ही पातळीला एकीकडे ०.८३ बार्न दिसतो, दुसरीकडे ०.६६. आधीचा प्रयोग चुकला होता का?

३. आमच्याकडे दोन सोडियम आयोडाइड डिटेक्टर, एक मल्टिचॅनेल ॲनालायझर, १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, फ्रिक्वेन्सी काउंटर आणि एक सिग्नल जनरेटर आहे. यातून काही मोजता येईल का? नुसता लिटरेचर सर्व्हे चालणार नाही, असं सरांनी आधीच बजावलंय.

स्पिन_तीन_छेद_दोन

क्यू कुणीच थेट मोजत नाही. मोजतात ती ऊर्जापातळ्यांची फाटाफूट, आणि ती क्यू गुणिले फील्ड ग्रेडियंट अशी असते. ग्रेडियंट म्हणजे केंद्रक जिथे बसलंय तिथे आजूबाजूच्या भारांमुळे विद्युत क्षेत्र किती झपाट्याने बदलतं ते. तुमचे तिन्ही प्रश्न या गुणाकाराभोवतीच फिरतात.

मग पद्धत ठरते ती दोन गोष्टींवर: ग्रेडियंट कुणाकडून घ्यायचा आणि केंद्रक किती वेळ हाताशी असतं. मुक्त अणूतले इलेक्ट्रॉन वापरले तर लेसर स्पेक्ट्रोस्कोपी. त्यासाठी केंद्रक काही मिलिसेकंद तरी टिकायला हवं, कारण टार्गेटमधून बाहेर पडण्यातच तेवढा वेळ जातो. स्फटिकाचा ग्रेडियंट वापरला तर बीटा-एनएमआर (केंद्रकाचा चुंबकीय अनुनाद, पण बीटा क्षयावरून वाचलेला), साधारण मिलिसेकंद ते काही सेकंद. स्फटिकच, पण नॅनोसेकंद जगणारी उत्तेजित पातळी असेल तर पर्टर्ब्ड अँग्युलर कोरिलेशन, म्हणजे पॅक: एकामागून एक सुटणाऱ्या दोन गॅमांच्या दिशांमधलं नातं वेळेबरोबर कसं डुलतं ते बघायचं. आणि पिकोसेकंदवाल्या पातळ्यांना शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्रकाचाच ग्रेडियंट वापरावा लागतो. ते कूलोम एक्सायटेशन.

लेसरचं जरा सविस्तर सांगतो, कारण आज नवे क्यू सर्वात जास्त त्यातूनच येतात. सर्नच्या आयसोल्डेमध्ये १.४ जीईव्ही प्रोटॉन युरेनियम कार्बाइडसारख्या टार्गेटवर पडतात. टार्गेट २००० अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. तयार झालेले अणू झिरपून बाहेर येतात, त्यांचं आयनन होतं, ३० ते ६० किलोव्होल्टने ते ओढले जातात आणि चुंबक वस्तुमानानुसार निवड करतो.

आता लेसर आयन सोर्समध्येच का मारत नाहीत? डॉप्लर रुंदीमुळे. पोटॅशियमच्या ७७० नॅनोमीटर रेषेचा हिशेब करा: खोलीच्या तापमानाला रुंदी सुमारे ७६० मेगाहर्ट्झ, २००० अंशांना दोन गिगाहर्ट्झच्या वर. क्वाड्रुपोलमुळे होणारी सरक बहुधा काही मेगाहर्ट्झ ते काही शे मेगाहर्ट्झ. सगळं चिखलात बुडतं. पण तोच झोत ३० किलोव्होल्टने पळवला की ऊर्जेतली पसरण तितकीच राहते आणि वेगातली पसरण आकसते, कारण ऊर्जेतला फरक म्हणजे वस्तुमान × वेग × वेगातला फरक. याच रेषेसाठी एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पसरणीला फक्त ८ मेगाहर्ट्झ पडतात. नैसर्गिक रुंदी ६ मेगाहर्ट्झ. म्हणजे झोताच्याच दिशेने लेसर सोडला तर तापलेल्या भट्टीतून आलेला अणूही जवळजवळ नैसर्गिक रुंदीत दिसतो. लेसरची फ्रिक्वेन्सी कायम ठेवतात आणि झोताचा व्होल्टेज थोडा-थोडा बदलून स्कॅन करतात.

रेषा कोणती निवडता यावर सगळं अवलंबून आहे. ७७० ची ही रेषा दोन्ही बाजूंना जे (इलेक्ट्रॉनांचा एकूण कोनीय संवेग) = १/२ अशी आहे; तिच्यात क्वाड्रुपोलचा गुणांक, म्हणजे हायपरफाइनचा (केंद्रकामुळे पातळ्यांच्या होणाऱ्या बारीक फाटाफुटीचा) बी, असतच नाही. निदान एका पातळीचा जे १ किंवा जास्त हवा आणि केंद्रकाचा स्पिनही १ किंवा जास्त हवा. कॅडमियमच्या समस्थानिकांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात एकदा आयनित कॅडमियमची २१४.५ नॅनोमीटर रेषा घेतली होती, खालची पातळी जे = १/२, वरची ३/२. कॅडमियम-१११ पासून १२९ पर्यंत ११/२ स्पिनच्या दहा केंद्रकांचे क्यू न्यूट्रॉनांच्या संख्येबरोबर सरळ रेषेत बदलतात, हे त्यातून दिसलं. त्यातलं शेवटचं जेमतेम दीडशे मिलिसेकंद जगतं.

एवढे कमी आयन असताना सिग्नल दिसतो तो कूलर-बंचरमुळे. आयन १०० मिलिसेकंद साठवायचे आणि ५ मायक्रोसेकंदांच्या गठ्ठ्यात सोडायचे. फोटॉन फक्त त्या ५ मायक्रोसेकंदांत मोजले की विखुरलेल्या लेसरप्रकाशाची पार्श्वभूमी २०,००० पटींनी खाली येते.

जे बिघडतं ते बहुतेक फिटमध्ये. जे १/२ वरून ३/२ आणि स्पिन ३/२ किंवा जास्त असेल तर सहा रेषा येतात, तीन-तीनच्या दोन घोळक्यांत. घोळक्यांमधलं अंतर चुंबकीय ए, म्हणजे केंद्रकाच्या चुंबकत्वामुळे होणाऱ्या फाटाफुटीचा गुणांक, ठरवतो. बी मिळतो तो एका घोळक्यातल्या तीन रेषांच्या आपसातल्या अंतरांतून. रेषांना एका बाजूला शेपूट असेल (चार्ज-एक्स्चेंज सेलमध्ये, म्हणजे आयन वाफेतून नेऊन तटस्थ करतात तिथे, थोडी ऊर्जा हरवली की ते येतंच) आणि तुम्ही सममित प्रोफाइल फिट केलं, तर ती शेपटी बी गिळतो. दुसरी गोष्ट, लेसरची ताकद जास्त झाली की ऑप्टिकल पंपिंगमुळे (लेसरनेच अणू ठरावीक उपपातळ्यांत ढकलल्यामुळे) तीव्रतांचं प्रमाण बिघडतं. अशा वेळी सैद्धांतिक तीव्रता फिटमध्ये ठोकून बसवू नका, मोकळ्या सोडा. वरच्या आणि खालच्या ए चं गुणोत्तर मात्र स्थिर समस्थानिकावरून घेऊन बांधून टाका. हेच गुणोत्तर स्पिनची परीक्षाही घेतं: स्पिन चुकीचा धरला असेल तर ते जागेवर येत नाही.

व्होल्टेजची भीती लोकांना उगाच जास्त वाटते. ३० किलोव्होल्टमध्ये ३ व्होल्टची चूक झाली तर अख्खं स्पेक्ट्रम २४ मेगाहर्ट्झ सरकतं. आयसोटोप शिफ्टसाठी (एका समस्थानिकाची रेषा दुसऱ्यापेक्षा किती सरकते त्यासाठी) ते घातक आहे. पण रेषांमधली अंतरं फक्त दहा हजारात अर्धा भाग बदलतात. क्यूला त्याने काही होत नाही.

हुरडा_सोलापूर

सर, फारच छान. पण मग लिथियम-११ ला हीच पद्धत का नाही? लिथियमची ६७१ ची रेषा तर सगळीकडे मिळणाऱ्या लेसरने गाठता येते.

अर्धायुष्य

गाठता येते, पण तिच्यात बी दिसत नाही. लिथियम-७ च्या वरच्या ३/२ पातळीत बी सुमारे −०.२ मेगाहर्ट्झ आहे आणि रेषेची नैसर्गिक रुंदी ५.९ मेगाहर्ट्झ. कितीही चांगला झोत आणा, रुंदीच्या तिसाव्या भागाएवढी सरक मिलिसेकंदवाल्या केंद्रकावर वाचता येत नाही. म्हणून लिथियमला लेसरने फक्त ध्रुवित करतात आणि क्यू स्फटिकात मोजतात.

६० केईव्हीचा लिथियम आयनांचा झोत सोडियमच्या वाफेतून नेऊन तटस्थ करतात. त्याच रेषेत वर्तुळाकार ध्रुवित ६७१ चा लेसर. अणू काही वेळा फोटॉन शोषतो-सोडतो आणि शेवटी केंद्रकाचा स्पिन एका टोकाच्या उपपातळीकडे गोळा होतो. पुढे झोत चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवलेल्या स्फटिकात रुततो. ध्रुवित केंद्रकातून बीटा कण स्पिनच्या दिशेला आणि उलट दिशेला सारखे जात नाहीत. दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिक सिंटिलेटरांची जोडी कोइन्सिडन्समध्ये (जोडीतल्या दोन्हींत एकदम आलेलंच मोजायचं), आणि मोजायची ती असममिती: दोन मोजण्यांतला फरक भागिले बेरीज. मग आरएफ, म्हणजे रेडिओ-फ्रिक्वेन्सी, द्यायची. फ्रिक्वेन्सी जुळली की उपपातळ्यांची भरती सारखी होते आणि असममिती कोसळते. एकेका केंद्रकाचा क्षय हाच सिग्नल असल्यामुळे नेहमीच्या एनएमआरला लागतात तेवढे अब्जावधी-अब्ज अणू इथे लागत नाहीत.

घनाकार स्फटिकात, उदाहरणार्थ सिलिकॉनमध्ये, ग्रेडियंट शून्य. तिथे एकच रेषा मिळते आणि ती लार्मर फ्रिक्वेन्सी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात स्पिन ज्या फ्रिक्वेन्सीने डुलतो ती, देते. लिथियम-११ साठी टेस्लाला १८.७ मेगाहर्ट्झ, म्हणजे ०.३ टेस्लाला ५.६ मेगाहर्ट्झ. मग जस्ताचा किंवा लिथियम नायोबेटचा एकस्फटिक लावायचा. स्पिन ३/२ ला तीन रेषा होतात: मधली लार्मरवर, बाजूच्या दोन क्वाड्रुपोल फ्रिक्वेन्सीच्या (क्यू × ग्रेडियंट, फ्रिक्वेन्सीच्या एककात) निम्म्या अंतरावर. नायोबेटमध्ये लिथियम-७ ची क्वाड्रुपोल फ्रिक्वेन्सी ५४ किलोहर्ट्झच्या आसपास आहे, त्या प्रमाणात लिथियम-११ ची ४५ येते, म्हणजे ५.६ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना २२-२३ किलोहर्ट्झवर रेषा. लिथियम-८ चा स्पिन २, तिथे चार रेषा: १/८ आणि ३/८ अंतरांवर, मध्ये काही नाही.

एकच आरएफ बाजूच्या रेषेवर दिली तर चारपैकी दोनच उपपातळ्या मिसळतात आणि सिग्नल लहान राहतो. त्यामुळे लार्मर आधी पक्की करून तिन्ही फ्रिक्वेन्सी एकदम देतात आणि त्यांच्यातलं अंतर स्कॅन करतात. अंतर बरोबर बसलं की सगळं ध्रुवण एकदम जातं. वेळेची बचत मोठी आहे. हिशेब करा: असममितीची त्रुटी म्हणजे १ भागिले वर्गमूळ-एन. एक टक्क्याचा परिणाम तीन सिग्माला दिसायला बिंदूमागे ९०,००० मोजण्या. सेकंदाला १००० आयन येतात आणि पाचातला एक बीटा सापडतो असं धरलं तरी एका बिंदूला साडेसात मिनिटं, चाळीस बिंदूंना पाच तास. एवढ्या वेळात सिग्नल तिप्पट असला तर मोजण्या नवव्या हिश्श्यात भागतात.

चुका कुठे शिरतात ते सांगतो. स्फटिकाचा अक्ष आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यात दोन अंशांचा तिरकेपणा असेल तर अंतर ०.२ टक्क्याने कमी येतं, पाच अंशांना १.१ टक्का, क्षेत्राशी ५४.७ अंश झाले तर फाटाफूटच नाहीशी. सगळेच आयन जाळीतल्या योग्य जागी बसत नाहीत, काही भलत्या जागी अडकतात आणि त्यांचा ग्रेडियंट वेगळा असतो. रेषेखाली पसरट पाया दिसतो तो त्यांचाच. आरएफ जास्त दिली तर रेषा फुगते. धातूत स्पिन शिथिल व्हायला लागणारा वेळ अर्धायुष्यापेक्षा लांब हवा; तो कमी पडत असेल तर स्फटिक थंड करावा लागतो. आणि लिथियम-११ ची खास डोकेदुखी म्हणजे त्याची लेक बेरिलियम-११: अर्धायुष्य १३.८ सेकंद, तीही बीटा सोडते आणि ती नुसती साचत जाते. प्रोटॉनचा ठोका पडल्यावर पहिली ५०-१०० मिलिसेकंदंच कामाची. त्यापुढे मोजणीची खिडकी उघडी ठेवलीत तर असममिती पातळ करून घ्याल, बाकी काही नाही.

चिन्ह कसं कळतं हे विचारणारच असाल. पंपिंगने भरती एका टोकाला गोळा झालेली असते, म्हणून त्या टोकाची बाजूची रेषा जास्त उंच येते. ती लार्मरच्या वर आहे की खाली, यावरून क्यू × ग्रेडियंटचं चिन्ह.

बार्नवाले_काका

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो.

कॅडमियम-१११ चा प्रयोग चुकला नव्हता. कॅडमियम धातूत खोलीच्या तापमानाला या पातळीची क्वाड्रुपोल फ्रिक्वेन्सी १२५ मेगाहर्ट्झ येते, आणि ती कितीतरी दशकं तशीच आहे. बदलला तो भाजक, म्हणजे ग्रेडियंट. धातूतला ग्रेडियंट पूर्वी ढोबळ अंदाजाने काढत. आता मुक्त रेणूंवर पॅक करतात आणि त्या रेणूतला ग्रेडियंट क्वांटम रसायनशास्त्राने बऱ्याच खात्रीने काढता येतो. त्यातून ०.६६ आलं. शिवाय जुन्या आकड्यापुढची त्रुटी वाचलीत का? ०.८३ ± ०.१३ होतं. नवा आकडा सव्वा सिग्मावर आहे. जुन्यांनी काही लपवलं नव्हतं. तक्त्यातली त्रुटी न वाचता मधला आकडा उचलायची सवय मात्र विद्यार्थ्यांनी वेळीच सोडावी.

अणूंच्या बाबतीतही तेच. बी एक टक्क्याने मोजला तरी क्यू काढताना इलेक्ट्रॉनांचा ग्रेडियंट लागतोच. आतली बंद कवचं केंद्रकामुळे स्वतःच वाकतात आणि ग्रेडियंट कमीजास्त करतात. स्टर्नहायमरची दुरुस्ती म्हणतात ती हीच. जुन्या तक्त्यांत काहींनी ती लावली, काहींनी नाही, आणि आकडा १०-२० टक्क्यांनी हलायला तेवढं पुरतं. त्यामुळे दोन समस्थानिकांची तुलना करण्याआधी दोघांचा संदर्भ एकच आहे ना ते बघा. नसेल तर जुना क्यू घ्या आणि नव्या-जुन्या संदर्भाच्या गुणोत्तराने गुणा. लिथियमसाठी आज संदर्भ लिथियम-७, −४०.० मिलिबार्न.

म्हणूनच लिथियम-११ च्या कामात मला −३३.३ पेक्षा दुसरा आकडा मोलाचा वाटतो: लिथियम-११ आणि लिथियम-९ यांच्या क्यूंचं गुणोत्तर, १.०८८ ± ०.०१५. एकाच स्फटिकात, एकाच जागी दोन्ही मोजले की ग्रेडियंट कटतो. बाहेर फिरणारे दोन न्यूट्रॉन निर्भार, तरी आतल्या गाभ्याचा क्यू नऊ टक्क्यांनी वाढतो, हे सांगायला कुणाचंही रसायनशास्त्र लागत नाही.

आणि हुरडा, तुमच्या पहिल्या परिच्छेदातलं “लांबट म्हणजे धन” जपून वापरा. ते केंद्रकाच्या स्वतःच्या चौकटीतल्या क्यूबद्दल खरं आहे. प्रयोगशाळेत दिसतो तो स्पेक्ट्रोस्कोपिक क्यू. स्पिन शून्य किंवा १/२ असेल तर केंद्रक कितीही लांबट असो, तो शून्यच. सम-सम केंद्रकाच्या पहिल्या २+ पातळीत तो आतल्या क्यूच्या −२/७ पट असतो, म्हणजे लांबट केंद्रकाला ऋण. व्हायव्हात हमखास विचारतात.

सातरस्ता

तिसरा प्रश्न माझ्याकडे. गावातलाच आहे.

दोन सोडियम आयोडाइड म्हटल्यावर पहिला विचार पॅकचा येतो, पण कुठला स्रोत ते बघा की. हाफ्नियम-१८१ सोयीचा: अर्धायुष्य ४२ दिवस, नैसर्गिक हाफ्नियममध्ये ३५ टक्के असलेल्या १८० ला रिॲक्टरमधला न्यूट्रॉन दिला की तयार. हाफ्नियम ऑक्साइडची पूडच विकिरित केली तर वेगळा स्फटिकही लागत नाही. १३३ आणि ४८२ केईव्हीचे गॅमा, मधली टँटलम-१८१ ची पातळी १०.८ नॅनोसेकंद. अडचण इथेच आहे. ऑक्साइडमध्ये स्पिनच्या डुलण्याचा सर्वात मंद आवर्तकाळ साडेसात नॅनोसेकंद पडतो आणि १३३ केईव्हीवर सोडियम आयोडाइडचं टायमिंग तीन-चार नॅनोसेकंद. डुलणं धुऊन निघतं. बेरियम फ्लोराइड किंवा लँथनम ब्रोमाइड हवा, एका नॅनोसेकंदाच्या आत बसणारा. कॅडमियम धातूत इंडियम-१११ घेतलं तर आवर्तकाळ ५३ नॅनोसेकंद, तुमचे डिटेक्टर चालतील. पण इंडियम २.८ दिवसांचं, आणि उघडा स्रोत हाताळायला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, सगळं लागतं. प्रोजेक्टच्या एका सत्रात हे बसत नाही.

त्यापेक्षा विभागात कोबाल्ट-६० ची सीलबंद चकती असेल तर साधं अँग्युलर कोरिलेशन करा. १८० आणि ९० अंशांतल्या कोइन्सिडन्सचं गुणोत्तर १.१६७ यायला हवं, डिटेक्टरांच्या आकाराच्या दुरुस्तीनंतर. ते आलं की पॅकचं निम्मं तंत्र हातात आलं. उन्हाळ्यात करत असाल तर एक सांगतो: सोडियम आयोडाइडचा प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायरचा गेन मिळून अंशाला ०.३ ते ०.५ टक्के सरकतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४२-४३, पहाटे २७-२८. खोलीत दहा अंशांचा फरक पडला तरी १३३२ केईव्हीचं शिखर ४० ते ६५ केईव्ही हलतं आणि मोजणीसाठी लावलेल्या ऊर्जेच्या खिडकीच्या कडेवर चढतं. दोन डिटेक्टर सारखे हलत नाहीत, म्हणून खोटी ॲनायसोट्रॉपी (दिशेनुसार फरक) दिसते. ९० आणि १८० ची दर दहा मिनिटांनी अदलाबदल करा, सिंगल्सने (एकेका डिटेक्टरच्या सुट्या मोजण्यांनी) भागा, आणि जमलं तर रात्री चालवा.

क्यूशी थेट नातं सांगणारं काम हवं असेल तर मात्र किरणोत्सर्ग सोडा आणि क्लोरीनचं एनक्यूआर (न्यूक्लिअर क्वाड्रुपोल रेझोनन्स, क्वाड्रुपोलच्या फाटाफुटीवरच बसवलेला अनुनाद) करा. काकांनी गुणोत्तराचं सांगितलं ना, ते इथे टेबलावर होतं. सोडियम क्लोरेटमध्ये क्लोरीन-३५ ची रेषा खोलीच्या तापमानाला २९.९२ मेगाहर्ट्झ, क्लोरीन-३७ ची २३.५८. दोन्ही एकाच जागी बसतात, दोघांचा स्पिन ३/२, ग्रेडियंट तोच. भागाकार १.२६९, आणि तोच दोन क्यूंचा भागाकार. तक्त्यात −८१.७ आणि −६४.४ मिलिबार्न आहेत, ताडून बघा.

मार्जिनल ऑसिलेटर किंवा सुपर-रिजनरेटिव्ह सर्किट, काचेच्या नळीत ५-८ ग्रॅम पूड, त्यावर दहा-बारा वेढ्यांची घट्ट कॉइल, सगळं ॲल्युमिनियमच्या डब्यात. चुंबकीय मॉड्युलेशनसाठी बाहेरून दुसरी कॉइल, १०-२० गॉस चालू-बंद. चालू असताना रेषा पसरून गायब होते, बंद असताना दिसते, आणि फरक घेतला की गोंगाट कटतो. ३५ वरून ३७ वर जाताना एकूण कपॅसिटन्स १.६१ पट करायचा, ३० पिकोफॅरडचा ४८. ३७ चं प्रमाण एक-चतुर्थांश, त्यामुळे सिग्नल तिसऱ्या हिश्श्याहून लहान. सरासरी जास्त वेळ घ्या.

हुरडा_सोलापूर

हे जमण्यासारखं आहे ओ! दोन शंका. क्लोरेटऐवजी पॅरा-डायक्लोरोबेंझिन चालेल का? गोळ्या बाजारात मिळतात. आणि सुपर-रिजनरेटिव्हमध्ये एकाऐवजी पाच-सहा रेषा दिसतात असं वाचलं, त्यातली खरी कुठली?

सातरस्ता

डायक्लोरोबेंझिनची रेषा ३४.३ च्या आसपास छान मोठी येते, पण ३१ अंशांच्या जवळ त्याचं स्फटिकरूप बदलतं आणि बदल सावकाश होतो. आपल्याकडे मार्चपासूनच खोली ३१ च्या वर. अर्धा नमुना एका रूपात, अर्धा दुसऱ्या, आणि रेषा जागेवर सापडत नाही. शिवाय उघडं ठेवलं तर उडून जातं. क्लोरेटच घ्या, लॅब-केमिकलवाल्याकडून, विभागाच्या पत्रावर. तो जोरदार ऑक्सिडायझर आहे: खलबत्त्यात कुटू नका, कागद, गंधक, साखर, तेल काही जवळ नको, नळीचं बूच रबराचं नको.

त्या जादा रेषा क्वेंचच्या, म्हणजे त्या सर्किटातला ऑसिलेटर सतत बंद-चालू होतो त्याच्या, आहेत. क्वेंच फ्रिक्वेन्सी २५ वरून ३० किलोहर्ट्झ करा. बाजूच्या रेषा सरकतील, जागची हलणार नाही ती खरी.

स्पिन_तीन_छेद_दोन

एक भर. क्लोरेटची रेषा अंशाला ४-५ किलोहर्ट्झने खाली येते. २५ अंशांना शोधलेली रेषा ४० ला ६०-७५ किलोहर्ट्झ सरकलेली असेल, तेव्हा दुपारी “सिग्नल गेला” म्हणून सर्किट उघडू नका. ३५ आणि ३७ वेगवेगळ्या दिवशी मोजलं आणि तापमानात एका अंशाचा फरक राहिला, तर गुणोत्तरात ०.०००२ ची चूक शिरते. नळी पाण्याच्या भांड्यात ठेवा, थर्मामीटर पुडीजवळ, आणि ३५, ३७, पुन्हा ३५ अशा क्रमाने मोजा. दोन्ही ३५ ची सरासरी घ्या.

आणि सिम्युलेशन जोडायचं असेल तर पायथनमध्ये सहा रेषांचं हायपरफाइन स्पेक्ट्रम बनवा, प्रत्येक बिंदूवर पॉइसन गोंगाट घाला, रुंदी १० पासून ६० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवत न्या आणि फिटमधल्या बी ची त्रुटी आलेखा. नंतर मुद्दाम एका बाजूला शेपूट लावून सममित प्रोफाइलने फिट करा. बी किती सरकतो ते आणि फिटची त्रुटी किती सांगते ते शेजारी-शेजारी छापा.

हुरडा_सोलापूर

ठीक. सोमवारी सरांकडून क्लोरेटसाठी पत्र घेतो. कॉइलला तार किती गेजची?

सातरस्ता

२० किंवा २२ गेज, इनॅमलवाली. वेढे हलायला नकोत, हलले की फ्रिक्वेन्सी हलते. वर पातळ ॲरल्डाइट लावा आणि रात्रभर सुकू द्या.